मदत हवी आहे: बेने इस्राएल आजीच्या माहेरचा माग कसा काढू? (झिराड - मुंबई - कराची)

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझी आजी (आईची आई) बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. माहेरचं आडनाव झिराडकर, म्हणजे किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर तसं मूळ गाव अलिबागजवळचं झिराड असणार. पण जन्म कराचीचा, वडील तिथे रेल्वेत होते, फाळणीनंतर सगळे मुंबईला आले, एवढंच आईला माहितीये. आजीने हिंदू मुलाशी लग्न केलं आणि माहेर तुटलं ते तुटलंच, भावंडं पुढे इस्राएलला गेली. ती त्यावर बोलायची नाही आणि आम्हीही कधी खोदून विचारलं नाही, आता ती जाऊन अकरा वर्षं झाली. मलिद्याचे (हा बेने इस्राएलांचा एक विधी) गोड पोहे मात्र आई अजून करते, गणपतीतसुद्धा :)

हातात दोनच गोष्टी आहेत. रेल्वेचा एक कागद, त्यावर पणजोबांचं नाव 'डेव्हिड ई. झिराडकर', आणि एक फोटो, मागे मराठीत 'मागेन शालोम, कराची. हसाजीचे घरचे'. हसाजी कोणी शेजारी असावेत. मागेन शालोम हे तिथलं १८९३ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), ते १९८० च्या दशकात पाडलं, मग आता तिथलं दफ्तर कुठे शोधायचं?

पुण्यात आधी लाल देवळात (तेही सिनेगॉगच) गेले तर ते बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या ज्यूंचं, बेने इस्राएलांचं रास्ता पेठेत आहे हे तिथे गेल्यावर कळलं (पुण्यात जन्म काढून हे माहीत नव्हतं!). मग अलिबागजवळच्या नवगावला जाऊन आले, बेने इस्राएलांचे पूर्वज तिथे किनाऱ्याला लागले असं सांगतात. गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, ती कथा ऐकताना अंगावर काटा येतो, पण मला दोन हजार वर्षांपूर्वीचं नकोय हो, १८५० ते १९२० मधलं हवंय. भाचा म्हणतो डीएनए टेस्ट कर. २०१६ च्या अभ्यासात बेने इस्राएल हे ज्यू आणि भारतीय असे मिश्र निघाले, बरं, पण पणजोबांच्या वडलांचं नाव थुंकीतून कसं कळणार?

तर मुंबईच्या सिनेगॉगमध्ये लग्नाच्या जुन्या नोंदी बघू देतात का, आणि झिराडच्या बाजूला दफनभूमीतले दगड वाचता येतात का, कोणी गेलंय का?

---

प्रतिसाद: ताई, नुसतं झिराडकर शोधत बसू नका. जुन्या नोंदीत बरेचदा स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच असतं, आणि तेही कोकणी वळणाचं. मुंबईचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युअल एझिकेल दिवेकर, त्यांना लोक सामाजी हसाजी म्हणायचे. सॅम्युअलचा सामाजी, एझिकेलचा हसाजी. आता तुमचा कागद परत बघा, डेव्हिड 'ई.' म्हणजे एझिकेल असेल तर हसाजी शेजारी कशाला असतील? कतुबा, म्हणजे लग्नाचा करार, मिळाला तर त्यात नवऱ्यामुलाच्या वडलांचं नाव असतंच, त्यावरून पक्कं होईल. दगडांवर मराठी असतं, पावसाळ्याआधी जा, नंतर रान माजतं.

---

अय्या! आईला आत्ता फोन लावते.