साइड स्टँडचा स्विच डायरेक्ट करून टाकू का?

रात्रपाळी:
तीन आठवडे झाले, गाडी गिअरमध्ये असताना गतिरोधकावर चढली की इंजिन क्षणभर मरतं आणि आपोआप पुन्हा पकडतं. पावसानंतर जास्तच. दुसरी कटकट अशी की, गिअरमध्ये क्लच दाबून स्टार्टर मारला तर कधी फिरतो, कधी ढिम्म. न्यूट्रलला मात्र प्रत्येक वेळी पहिल्या झटक्यात चालू. मेकॅनिकने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "स्टँडचा आणि क्लचचा, दोन्ही स्विच डायरेक्ट करून टाकतो, डोक्याला तापच नको." म्हणजे स्विच वगळून वायरी थेट जोडायच्या. मी थांबवलं. गाडी इंजेक्शनची (कार्ब्युरेटर नसलेली) आहे. डायरेक्ट केलं तर नक्की काय बिघडतं?

हवाबाण:
काही बिघडत नाही. माझा चार वर्षं डायरेक्ट आहे. वायरी कापल्या, पिळल्या, वरून टेप. स्टँड वर घ्यायची अक्कल आपल्याला आहे ना, मग झालं.

टेस्टलॅम्प:
अक्कल मलाही होती. स्विच डायरेक्ट केल्यावर दोन महिन्यांनी फोनवर बोलत बोलत गाडी काढली, स्टँड खालीच. सरळ रस्त्यावर कळलंसुद्धा नाही. पहिल्या डाव्या वळणावर गाडी कलली, स्टँडचं टोक डांबरात रुतलं आणि मागचं चाक उचललं गेलं. गुडघ्यावर निभावलं.

आता तुमच्या गाडीचं. क्लचच्या स्विचला हात लावू नका, तो बिचारा निर्दोष दिसतो. बहुतेक गाड्यांत स्टार्टरला दोन वाटा असतात: एक न्यूट्रल स्विचमधून, दुसरी क्लच आणि स्टँड या दोघांमधून मिळून. पहिली वाट तुमची ठणठणीत आहे. दुसरी अधूनमधून तुटते, आणि स्टँड खाली आला की गिअरमध्ये चालत्या इंजिनाला बंद करणाराही तोच स्टँडचा स्विच. म्हणजे दोन तक्रारी, चोर एकच.

खात्री करायची तर स्विचच्या वायरींचा कपलर (जोडणीचा प्लग) सोडा, मल्टिमीटर बीपवर ठेवून स्विचच्या पिनांना लावा (वाट सलग असेल तर तो वाजतो), स्टँड वर घेऊन हाताने जोरात हलवा. बीप तुटतो का बघा. कपलरच्या पिना हिरवट दिसल्या तर आधी त्या साफ करा. इंजेक्शनच्या गाडीत या वायरीतून ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) नुसता इशारा जातो, करंट अगदी किरकोळ. इतक्या कमी करंटला पिनेवरचा गंजाचा पापुद्राही आडवा येतो. काही जुन्या गाड्यांत मात्र इग्निशनचा करंटच स्टँडच्या स्विचमधून जायचा, तिथे वायर बारीक लावली की तापायची.

तरीही डायरेक्ट करायचंच असेल तर हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) कापू नका. कपलरच्या गाडीकडच्या बाजूला बसेल असा डमी प्लग (आत दोन वायरी जोडलेला) करा, सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवलं की आवळणारी नळी) चढवा. उद्या नवा स्विच आला की प्लग काढला, काम झालं. पिळून टेप लावलेला जोड इंजिनाच्या उष्णतेने सैल होतो, आत पाणी शिरतं, आणि सहा महिन्यांनी हाच बिघाड परत येतो. फरक एवढाच की आता तो टेपखाली लपलेला असतो. उघडं टोक चॅसिसला टेकलं आणि त्या वायरीत १२ व्होल्ट असले, तर फ्यूज उडून गाडी भर रस्त्यात गप्प.

आणि जोडण्याआधी मोजा. स्टँड वर असताना बीप वाजला तरच दोन वायरी जोडून उपयोग. काही गाड्यांत लोहचुंबकाचा सेन्सर असतो, त्याच्या तीन वायरींत एक सप्लाय, एक अर्थ (चॅसिसला जाणारी), एक सिग्नल. तिथे आंधळेपणाने सप्लाय अर्थला जोडलात तर ईसीयूच पणाला लागतो.

एक आडमार्ग काही लोक काढतात, न्यूट्रलची वायरच अर्थ करून टाकतात. मग हिरवा दिवा कायम पेटलेला, आणि गिअरमध्ये क्लच न दाबता बटण दाबलं की गाडी पुढे उडी मारते. समोर भिंत असेल तर विचारूच नका.

तिसरा गिअर:
याच्या जोडीला कुणी टिल्ट सेन्सर 'सोडवून' देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. गाडी साधारण ६०-६५ अंश कलली की इंजिन आणि पेट्रोलचा पंप बंद करणारा तो. आडव्या पडलेल्या गाडीत पंप चालू राहिला आणि कुठे गळती असली तर काय होईल, ते सांगायला नको.

रात्रपाळी:
मोजलं. नुसतं हलवून बीप तुटत नव्हता. पण स्टँड बोटाने खाली दाबला की सात-आठ मिलिमीटर खाली यायचा आणि तेवढ्यात बीप बंद! पिव्होटचा बोल्ट ढिला आणि स्प्रिंग ताणून लांबलेली. खड्ड्यात स्टँड उसळून खाली येत होता आणि स्विच आपलं काम करत होता. बोल्ट आवळला, स्प्रिंग नवी टाकली, स्विचच्या दांडीवरचा चिखल काढला. चार दिवस झाले, एकदाही मेली नाही. क्लचचीही तक्रार गेली.

हवाबाण:
टेस्टलॅम्पभाऊ, उगाच म्हणून माझी टेप सोडून बघितली. तांब्यावर हिरवा चुरा. आणि वायरी तीन आहेत, मी दोनच जोडलेल्या, तिसरी चार वर्षं तशीच लोंबकळतेय. ती कसली?

टेस्टलॅम्प:
साधा स्विच असेल तर मीटरवरच्या स्टँडच्या दिव्याची असू शकते. तुझा दिवा कधी पेटतो का?

हवाबाण:
दिवा आहे हेच आत्ता कळलं.