फ्रीपीबीएक्स १६ वरून १७ वर जाताना: चालू सर्व्हरच अपग्रेड करावा की नवा उभारावा?

कार्यालय_व्यवस्था यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या कार्यालयाची तीसेक एक्स्टेन्शनची फोनव्यवस्था फ्रीपीबीएक्स १६ (व्यवस्था सांभाळण्याचे वेब पॅनेल) आणि अ‍ॅस्टेरिस्क १६ (कॉल जोडणारे मूळ सॉफ्टवेअर) यांवर चालते. खाली सेंटओएस ७ या लिनक्सवर आधारलेला तयार डिस्ट्रो (सर्व सॉफ्टवेअर एकत्र असलेला संच) आहे. बाहेरचे कॉल एका सिप ट्रंकवरून (पुरवठादाराशी इंटरनेटवरून असलेल्या फोन-जोडणीवरून) येतात-जातात. फॅक्ससाठी आणि इंटरनेट बंद पडल्यास उपयोगी पडाव्यात म्हणून ठेवलेल्या दोन अ‍ॅनालॉग लाइन सर्व्हरमधल्या कार्डाला जोडलेल्या आहेत. बहुतेक फोन अजूनही चॅन-सिप या जुन्या सिप चालकावरच नोंदणी करतात.

अ‍ॅस्टेरिस्क १६ च्या सुरक्षा-दुरुस्त्या ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबल्या आणि सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, त्यामुळे आता हे काम पुढे ढकलणे मला योग्य वाटत नाही. पॅनेलमधून बटण दाबून आवृत्ती १७ वर जाता येईल का, की सर्व नव्याने उभारावे लागेल? तसेच कामाचा दिवस बुडू न देता हे कसे करावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तारजोडणी यांचे उत्तर

बटण दाबून जाता येणार नाही. फ्रीपीबीएक्स १७ डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवर चालते. सेंटओएस ७ चे डेबियन जागच्या जागी होत नाही, म्हणून दुसऱ्या यंत्रावर किंवा व्हर्च्युअल मशीनवर डेबियन घालून त्यावर आवृत्ती १७ बसवायची आणि जुन्या सर्व्हरचा बॅकअप तिथे रीस्टोर करायचा, हाच मार्ग आहे. माझ्या मते यात तोट्यापेक्षा फायदाच अधिक आहे, कारण जुना सर्व्हर जसाच्या तसा शाबूत राहतो आणि काही बिघडले तर केबल परत त्याच्यात लावली की कार्यालय पुन्हा बोलू लागते.

मात्र रीस्टोरच्याही आधी एक काम जुन्याच सर्व्हरवर उरकून घ्यावे, ते म्हणजे सर्व एक्स्टेन्शन चॅन-सिपवरून पीजेसिप या नव्या चालकावर नेणे. चॅन-सिप अ‍ॅस्टेरिस्क १७ मध्ये कालबाह्य ठरवले गेले आणि २१ मध्ये काढूनच टाकले गेले. अ‍ॅस्टेरिस्क १६ मध्ये मात्र दोन्ही एकाच वेळी चालतात, आणि ही सोय आपल्याकडे आहे तोवरच तिचा उपयोग करून घ्यायला हवा. सिपचा चालक आणि संपूर्ण प्रणाली या दोन्ही गोष्टी एकाच रात्री बदलल्या आणि सकाळी एखाद्या फोनवर एकाच बाजूचा आवाज येऊ लागला, तर दोष कशात शोधायचा हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून दोन्ही बदलांत निदान एक आठवडा जाऊ द्यावा.

पीजेसिपवर नेताना पोर्टकडे लक्ष असू द्यावे. दोन्ही चालक एकाच पोर्टवर ऐकू शकत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे चॅन-सिप ५०६० वर असेल तर पीजेसिप बहुधा ५१६० वर असेल. एक्स्टेन्शन बदलले तरी फोन जुन्याच पोर्टवर नोंदणी मागत राहतो आणि ती नाकारली जाते. आधी दोन-तीन फोनांवर पोर्ट हाताने बदलून चाचणी घ्यावी आणि सगळे नीट चालल्यावर सर्व्हरवर दोन्ही पोर्टांची अदलाबदल करावी, म्हणजे उरलेल्या फोनांना हात लावावा लागत नाही. याशिवाय पीजेसिपमध्ये एका एक्स्टेन्शनवर किती उपकरणे नोंदवता येतील याची मर्यादा ठरवावी लागते. ती एक असेल आणि जुनी नोंद काढून टाकण्याचा पर्याय बंद असेल, तर वीज जाऊन आलेला फोन आधीच्या नोंदीची मुदत संपेपर्यंत बाहेरच ताटकळतो.

आपण कस्टम फाइलमध्ये स्वतःचा डायलप्लॅन (कॉल कुठे जावा याचे नियम) लिहिला असेल तर त्यात मॅक्रो (पुन्हा पुन्हा वापरायचे नियमांचे तुकडे) शोधावेत. अ‍ॅस्टेरिस्क २१ मध्ये मॅक्रोही गेले, त्यांच्या जागी गोसब ही आज्ञा लिहावी लागेल.

जुनीलाइन यांचे उत्तर

मी थोडे वेगळे मत मांडतो. व्यवस्था निर्वेध चालू आहे, सर्व्हर फायरवॉलच्या आत आहे आणि बाहेरून फक्त सेवा पुरवठादाराच्या आयपी पत्त्यांनाच प्रवेश आहे, असे असेल तर एवढा खटाटोप कशासाठी? केवळ जुनी झाली म्हणून चालती व्यवस्था मोडू नये.

तारजोडणी यांचे उत्तर

फायरवॉलबद्दलचा आपला आग्रह रास्त आहे आणि नव्या सर्व्हरलाही तोच नियम लावायला हवा. पण आतल्या एखाद्या संगणकात शिरकाव झाला तर पॅनेलपर्यंत पोचायला मधे कोणतीच भिंत उरत नाही, आणि रात्रभर परदेशी कॉल लावून बिल फुगवण्याचे प्रकार पॅनेल हाती आल्यावर सहज होतात. दुसरी अडचण अगदी व्यावहारिक आहे. सेंटओएस ७ ची पॅकेजे नेहमीच्या मिरर सर्व्हरांवरून हटून आता संग्रहात गेली आहेत. उद्या हार्ड डिस्क गेली, तर हीच सारी उठाठेव फोन बंद असताना आणि सगळे जण वाट पाहत असताना करावी लागेल.

रात्रपाळी यांचे उत्तर

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात ट्रंकविषयी भर घालतो, कारण घोटाळा बहुधा तिथेच होतो.

बॅकअप रीस्टोर होताच नव्या सर्व्हरवरची ट्रंकही जिवंत होते आणि पुरवठादाराकडे आपल्याच खात्याने नोंदणी करते. आता एकाच खात्यावर दोन सर्व्हर नोंदलेले असतात आणि येणारे कॉल जुन्याकडे जातील की चाचणीसाठी टेबलावर ठेवलेल्या नव्याकडे, याचा भरवसा राहत नाही. म्हणून रीस्टोर करताना नवा सर्व्हर कार्यालयाच्या नेटवर्कपासून तोडलेला असावा आणि ट्रंक बंद केल्यावरच तो जोडावा.

दुसरी गोष्ट येणाऱ्या कॉलची. पीजेसिपमध्ये येणारा कॉल कोणत्या ट्रंकचा आहे हे बहुतेक वेळा तो कोणत्या आयपी पत्त्यावरून आला यावरून ओळखले जाते. पुरवठादार नोंदणी एका पत्त्यावर घेतो आणि कॉल मात्र अनेक पत्त्यांवरून पाठवतो, तेव्हा जाणारे कॉल उत्तम लागतात, नोंदणीही हिरवी दिसते, पण येणाऱ्या काही कॉलना सर्व्हर ४०१ (ओळख पटली नाही) असे उत्तर देतो आणि जुळणारा एंडपॉइंट (सर्व्हरला माहीत असलेली ट्रंक किंवा फोन) सापडला नाही अशी ओळ लॉगमध्ये पडते. पुरवठादाराकडून सर्व पत्त्यांची यादी लेखी मागवून ती ट्रंकच्या मॅच रकान्यात भरावी. एका मोबाइलवरून एकदा कॉल लागला म्हणजे ट्रंक ठीक आहे असे समजू नये, वेगवेगळ्या नेटवर्कवरून, वेगवेगळ्या वेळी कॉल करून पाहावेत.

कार्यालय_व्यवस्था यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पीजेसिपचे काम आधी उरकण्याचे ठरवले आहे. दोन शंका उरतात: अ‍ॅनालॉग कार्डाचे काय करावे आणि साठलेली कॉल रेकॉर्डिंग नव्या सर्व्हरवर कशी न्यावीत?

रात्रपाळी यांचे उत्तर

कार्ड नव्या सर्व्हरवर नेण्याचा हट्ट धरू नये असे मी सुचवीन. त्याचा चालक दाहदी या कार्डांच्या चालक-संचामधून येतो आणि जुन्या कार्डांपैकी काहींचा आधार दाहदीच्या ३.० आवृत्तीतच काढून टाकला आहे. त्याऐवजी दोन पोर्टांचा एफएक्सओ गेटवे (टेलिफोन लाइन नेटवर्कला जोडणारे छोटे यंत्र) घेऊन लाइन त्याला जोडाव्यात. तो सर्व्हरशी सिपवरून बोलतो, त्यामुळे सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवरही ठेवता येतो. फॅक्स यंत्र मात्र थेट लाइनवरच राहू द्यावे, मधे सिप आले की फॅक्सची पाने अर्ध्यावर तुटण्याची शक्यता वाढते.

रेकॉर्डिंग बॅकअपमध्ये घालू नयेत, त्याने बॅकअप अवाढव्य होतो. ती मॉनिटर फोल्डरमध्ये वर्ष, महिना, दिवस अशी लावलेली असतात आणि कॉलच्या नोंदीत फक्त फाइलचे नाव असते, म्हणून ती रचना न मोडता आरसिंक या फक्त बदललेल्या फाइल नेणाऱ्या आज्ञेने नेमकी त्याच ठिकाणी उतरवावीत. आरसिंक जुन्या यंत्रावर आठवडाभर आधी एकदा चालवावे आणि बदलाच्या रात्री पुन्हा, म्हणजे त्या रात्री फक्त नव्या फाइल जातात. शेवटी सर्व फाइल व फोल्डरांची मालकी अ‍ॅस्टेरिस्क या वापरकर्त्याकडे द्यावी. ती रूट या मुख्य वापरकर्त्याकडे राहिली तर त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये नवे रेकॉर्डिंग लिहिले जात नाही आणि कॉल मात्र सुरळीत चालू असल्याने ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

तारजोडणी यांचे उत्तर

प्रत्यक्ष बदलाबद्दल थोडे सांगतो. नव्या सर्व्हरला जुन्याचाच आयपी पत्ता दिला तर फोनांची सेटिंग बदलावी लागत नाहीत. पण फोन आपली नोंदणी मुदत संपत आल्यावरच नवी करतात आणि अनेक फोनांत ती मुदत ३६०० सेकंद असते. तेवढा वेळ फोनवर डायल टोन येतो, कॉलही करता येतो, पण नव्या सर्व्हरला त्या फोनचा ठावठिकाणा माहीत नसल्याने त्यावर कॉल येत नाही. म्हणून आदल्या दिवशी जुन्या सर्व्हरवर नोंदणीची कमाल मुदत १२० सेकंद करावी आणि सर्व फोनांनी ती स्वीकारल्याचे पॅनेलवर पाहून घ्यावे. मग जुन्याची केबल काढून नव्याला लावल्यावर दोन-तीन मिनिटांत सारे फोन नव्या यादीत दिसू लागतील. जे दिसणार नाहीत तेवढेच बंद करून चालू करावेत, आणि सर्व फोन आल्यावरच नव्या सर्व्हरवरची ट्रंक सुरू करावी.