भाव जुळला, पण चार्जर कुठे लावणार?

वर कुणीतरी लिहिलंय की आता इलेक्ट्रिक आणि पेट्रोल एकाच भावात मिळते मग पेट्रोल घ्यायचीच कशाला. अहो पण तो भाव जुळतो कसा ते बघा ना! एमजी विंडसर ही इलेक्ट्रिक कार २०२४ मध्ये ९.९९ लाखांना आली ती बॅटरी सोडून, बॅटरीचं भाडं तेव्हा किलोमीटरला साडेतीन रुपये वेगळं, बॅटरीसकट घेतली तर साडेतेरा लाख. तरी भाडं आणि घरचं चार्जिंग धरून किलोमीटरला पाचेक रुपयेच पडतात, आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोल गाडीने लिटरला बारा-तेरा किलोमीटर दिलं तर आठ रुपये कुठे गेले नाहीत. शिवाय अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक कारला टोल माफ, रोज नवी मुंबईला जाणाऱ्याला हे फार मोठं आहे.

खरी अडचण सोसायटीत. आमच्याकडे स्टॅक पार्किंग, म्हणजे गाड्या एकावर एक, वरच्या पाळण्यातल्या गाडीला चार्जर लावणार कसा? खालचा स्लॉट मिळाला तरी मीटर रूमपासून केबल ओढायची, विजेचा लोड वाढवून घ्यायचा, कमिटीची एनओसी. म्हणून कळकळीने सांगते, बुकिंगच्या आधी इलेक्ट्रिशियनला मीटर रूम दाखवा. घरी चार्जिंग जमणार नसेल तर बाहेरच्या फास्ट चार्जरचे दर धरून हिशोब करा, फरक बराच कमी होतो.