रक्तातल्या पांढऱ्या पेशी फुप्फुसात शिरतात कुठून?

भांडुपकर: मंडळी, एक बाळबोध शंका. आईला न्यूमोनिया झाला होता, परवाच घरी आणलं. एक्स-रेत उजवीकडे खाली पांढरा ढग होता. डॉक्टर म्हणाले, जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी तिथे जमल्यात. तिथे मान डोलावली, पण गाडीत बसल्यावर डोक्यात आलं, रक्त तर बंद नळीतून फिरतं. मग या बाहेर पडल्या कशा? नळी फुटली का? कॉमर्सवाला आहे, सांभाळून घ्या.

स्लाइडवाली: फुटत नाही हो. परळच्या एका लॅबमध्ये २२ वर्षं रक्ताच्या स्लाइड्स बघतेय, न्यूट्रोफिल, म्हणजे त्या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, ही माझी रोजची गिऱ्हाइकं. बाकी शरीरात ते बारीक शिरेच्या भिंतीवरून चिकटत-सुटत गडगडतात, मग घट्ट धरतात आणि भिंतीतल्या दोन पेशींमधल्या फटीतून बाहेर सटकतात. पुस्तकात हेच चित्र असतं.

फुप्फुसात मात्र गडगडायला जागाच नाही. न्यूट्रोफिल ७-८ मायक्रॉनचा आणि तिथली केशवाहिनी कुठे कुठे पाचाचीच. आमच्या लालबागच्या चाळीमागे बोळ होता, समोरून सिलिंडरवाला आला की पोट आत घेऊन भिंतीला घासत सरकायचं. तस्संच! अंग लांबट करून सरकायला वेळ लागतो, म्हणून धडधाकट माणसाच्या फुप्फुसातही ते रेंगाळलेले असतातच. जंतू आले की वायुकोशातले (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांतले) मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पहारेकरी पेशी, रसायनं सोडून हाक देतात. त्या रसायनांनी न्यूट्रोफिलचं अंग कडक होतं, तो बोळात अडकतो आणि तिथूनच फटीतून वायुकोशात उतरतो.

काटेकोर: ताईंना पुरवणी. घट्ट धरायला सीडी१८ नावाचं प्रथिन लागतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते अडवलं तर ई. कोलाय या जंतूच्या न्यूमोनियात न्यूट्रोफिल पोचणं बरंच कमी होतं. न्यूमोकॉकस हा जंतू असेल तर तरीही पोचतात! म्हणजे वाट एकच नाही.

भांडुपकर: बोळ पटला. आईच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) पांढऱ्या पेशी १८,४०० आल्या होत्या, ते यामुळेच? आणि कफ हिरवा का?

स्लाइडवाली: हो, अस्थिमज्जा नवी कुमक सोडते. हिरवा रंग न्यूट्रोफिलमधल्याच एका एन्झाइमचा, जंतूंचा नव्हे. मेलेले न्यूट्रोफिल मॅक्रोफेज गिळतात, पण सावकाश. ताप उतरला तरी ढग काही आठवडे दिसू शकतो, तेव्हा पुढचा एक्स-रे डॉक्टर सांगतील तेव्हाच काढा, आधी नको. आणि कफ गिळू नका म्हणावं आईंना, माझीही ऐकत नसे.