सेल-आउट : गल्लाभरू, बाटला की फितूर?

वाकडी वेलांटी
न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वस्तीतल्या नॅस या रॅपरच्या दुसऱ्या अल्बमवर लिहितोय आणि दोन शब्दांपाशी अडलोय. १९९४ च्या एप्रिलमध्ये त्याचा 'इलमॅटिक' आला. दहा ट्रॅक, जेमतेम चाळीस मिनिटं. जाणकारांनी डोक्यावर घेतला, खप मात्र बेताचाच. जुलै १९९६ चा 'इट वॉज रिटन' थेट बिलबोर्डच्या अमेरिकी खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. ट्रॅकमास्टर्सचं गुळगुळीत संगीत, लॉरिन हिलच्या आवाजातलं ध्रुवपद, 'स्ट्रीट ड्रीम्स'ला युरिथमिक्स या पॉप बँडची चाल.

'संमिश्र प्रतिक्रिया' असं लिहिलं, पण 'बंदला संमिश्र प्रतिसाद' वाचून वाचून त्याचा अर्थ माझ्या डोक्यात 'अर्धी दुकानं उघडी' असाच बसलाय. दुसरा शब्द 'सेल-आउट', म्हणजे खपासाठी आपली वाट सोडणारा. 'गल्लाभरू' चालेल का?

अर्धा कप
एकाच माणसाला काही आवडलं, काही नाही, तर संमिश्र. दोन तट पडले असतील तर सरळ 'दुमत होतं' लिहा. (आमच्या गावात बंदच्या दिवशी शटरच अर्धं असतं, तो भाग वेगळा.)

जुनी खोड
पहिल्या अल्बमसाठी 'पहिलटकरीण' आयतीच आहे. दुसऱ्यासाठी 'बिजवर' म्हणायचं का? सगळे जण पहिलीशी तुलना करणारच!

गल्लाभरू मात्र नको. तो शब्द मालाला लागतो, माणसाला नाही. नाटक गल्लाभरू, सिनेमा गल्लाभरू. शिवाय त्यात दुःख नाही. गल्लाभरू सिनेमा बघून कोणी हळहळत नाही. सेल-आउट म्हणणाऱ्याचं खरं म्हणणं 'आमचा होता, गेला' हे असतं. त्याला आपल्याकडे 'बाटला' आहे. होस्टेलवर पहिलं ऑम्लेट खाल्लं तेव्हा मित्र टाळ्या पिटत म्हणाले होते, "बाटलास!"

अर्धा कप
घरातल्या थट्टेत ठीक. छापील लेखात त्या शब्दाला सोवळ्याओवळ्याचा, जातीधर्माचा वास येतो. आणि दुसऱ्यानं बाटवलं तरी माणूस बाटतोच. इथे आरोप जाणूनबुजून केल्याचा आहे.

वाकडी वेलांटी
मग 'विकला गेला'?

जुनी खोड
ते नगरसेवकांसाठी राखून ठेवा. ऐकणारा पुढे विचारणारच, "किती पेट्यांना?"

कोर्टकचेरी
'फितूर' कसा वाटतो? फितुरी गुपचूपच असते असं नाही. कोर्टात साक्षीदार भर पिंजऱ्यात फितूर होतो. आणि तो फितूर कोण ठरवतं? ज्या पक्षानं त्याला बोलावलं तोच पक्ष तसं जाहीर करायला सांगतो. समोरच्या पक्षाचा साक्षीदार काहीही बोलला तरी त्याला कोणी फितूर म्हणत नाही. तुमच्या चाहत्यांचं तेच झालंय. मुळात आपला न मानलेल्या रॅपरला कोण कशाला सेल-आउट म्हणेल?

अर्धा कप
फितूर व्हायला शत्रू लागतो. इथे शत्रू कोण?

कोर्टकचेरी
रेडिओ. निदान त्या मंडळींच्या लेखी.

जुनी खोड
मान्य. पण आरोप बरोबर होता असं वाचकाला वाटू देऊ नका. त्याच अल्बममध्ये 'आय गेव्ह यू पॉवर' आहे. संगीत डीजे प्रीमियरचं, म्हणजे इलमॅटिकच्याच गोतावळ्यातल्या माणसाचं. अख्खं गाणं बंदूक स्वतःच्या तोंडून सांगते. आपण कशासाठी वापरले जातो याला ती कंटाळली आहे. गल्ल्यावर डोळा ठेवून असलं कोण लिहितं?

वाकडी वेलांटी
वाक्य असं केलंय : "जुन्या चाहत्यांना नॅस फितूर वाटला, अल्बम मात्र सगळाच गल्लाभरू नव्हता." संपादकांनी 'फितूर'खाली लाल रेघ मारली तर परत येतो.