विषय: गोव्यात समुद्राकाठी आठवडाभर घर – कुठे आणि केव्हा?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या महाप्रसादाला पंगतीत जे बोलणं निघालं ते तिथेच विरून जाऊ नये म्हणून हा मेल. नाताळच्या सुट्टीत गोवा. चार कुटुंबं, सात पोरं, शिवाय पुण्याहून येणारे आमचे सासू-सासरे. हॉटेल नको, यावर सगळ्यांचं एकमत आहे (मंडळाच्या इतिहासात प्रथमच). मच्छीमारांचं गाव हवं, समुद्राला अगदी लागून कॉटेज हवं, दाराबाहेर पाय टाकला की वाळू. कॉर्नवॉलला घेतलं होतं तसं, फक्त स्वेटरशिवाय. संध्याकाळी वाळूवर शेगडी मांडून बांगडे भाजायचे, ही खजिनदारांची खास मागणी. सासूबाई पूर्ण शाकाहारी, आणि त्यांचे गुडघे दुखतात.

नेटवर एक घर पाहिलंय. फोटो फारच देखणे. मालक म्हणतो निम्मे पैसे आजच भरा, नाहीतर जाईल. काय करू?

– चिटणीस वहिनी, रेडिंग

*

वहिनी, आज एक पैसाही भरू नका!

बाकी माझं मत उत्तर गोव्याकडे. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झालाय, तिथून मोरजी, आश्वे, मांद्रे जवळ पडतात. हरमलला गर्दी फार. कळंगुट-बागा विचारूही नका. काणकोणच्या काकू अजून मंडळाच्या या मेल-यादीवर आहेत, त्या सविस्तर लिहितीलच. लिहिल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

– पेडण्याचा भाचा, लेस्टर

*

चिटणीस वहिनी,

भाच्याने मला पुढे ढकललंच आहे, तर लिहिते. लांबेल.

आधी तारखा. नाताळ नको. त्या दिवसांत घरमालक तोंडाला येईल ते भाडं सांगतात आणि त्यांना ते मिळतं. ३१ तारखेच्या रात्री तर आमच्या काणकोणातसुद्धा गाडी रस्त्यावर इंच इंच सरकते. तुम्हाला गाव बघायचंय ना? त्या आठवड्यात गाव दिसतच नाही, नुसते पाहुणे दिसतात. आता कुणीतरी जुलै-ऑगस्टची मोठी सुट्टी सुचवेलच, म्हणून तेही सांगून टाकते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, पाण्यात उतरायचं नाही, वाळूवरच्या झोपड्या मोडून ठेवलेल्या असतात. ऑगस्टात बोटी निघतात, पण पाऊस कुठे जातो? मला स्वतःला पावसातलाच गोवा सगळ्यांत जास्त आवडतो. पण तो सोप्यावर बसून, पेज आणि गालम्याची (सुक्या जवळ्याची) किसमूर खात बघायचा. सात पोरं दुसऱ्या दिवशी तुमचं डोकं खातील.

म्हणून फेब्रुवारीची हाफ-टर्म घ्या, तुमच्या इंग्लंडातल्या शाळांची सत्राच्या मधली सुट्टी. आठवडाच मिळतो हे खरं, पण हवा कोरडी, रात्री गार, समुद्र शांत. कार्निव्हल कधीकधी त्याच दिवसांत येतं, तेव्हा आधी तारखा पडताळून बघा. नाहीतर ऑक्टोबरची हाफ-टर्म. तेव्हा उकाडा असतो, पण बांगडा स्वस्त असतो, आणि दिवाळी त्या आठवड्यात आली तर पोरांना पहाटे नरकासुर जाळताना बघता येईल.

आता जागा. भाच्याचं पेडणं सुंदरच आहे, पण मोरजी-आश्वेला किनाऱ्यालगत आता खाणावळी आणि गाणीच जास्त. मी आपली काणकोणची, माझा ओढा कळतोच आहे. आगोंद, पाळोळे, पाटणे, तळपण, गालजीबाग. यांत पोरांना पोहायला पाळोळे बरं, किनारा अर्धचंद्रासारखा आत वळलेला असल्यामुळे लाटा मवाळ. आगोंद दिसायला त्याहून देखणं, पण तिथलं पाणी ओढतं. जीवरक्षक लाल-पिवळी निशाणं लावतात, त्या दोन निशाणांच्या मधेच उतरायचं. नुसतं लाल निशाण असेल तर अजिबात नाही. राहायला मात्र मी तळपण-गालजीबागेकडे सुचवेन. सुरूची झाडं, नदीचं मुख, होड्या, आणि रात्री आठनंतर काही नाही. पाळोळ्याला गाडीने जाता येतं.

विमानतळ बघून गाव ठरवू नका, पण हिशेबात धरा. मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला, आम्ही दक्षिण टोकाला, मधे शंभर किलोमीटरच्या आसपास. दाबोळीचा विमानतळ पुष्कळ जवळ. सासू-सासरे रेल्वेने आले तर त्यांना मडगावला उतरवा. काणकोणला स्टेशन आहे, पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत. मडगावहून करमल घाट उतरला की आलंच काणकोण.

आता तुम्हाला आवडणार नाही ते. समुद्राला लागून घर घेऊ नका. किनाऱ्यालगत पक्कं बांधायला सीआरझेडचे (किनारी क्षेत्राच्या नियमांचे) निर्बंध आहेत, त्यामुळे वाळूवर जे उभं असतं ते बहुतेक लाकडा-बांबूचं, हंगामापुरतं. दोन रात्री मजा वाटते. मग अंथरुणात वाळू, कपडे वाळत नाहीत, आणि पायऱ्या अशा की तुमच्या सासूबाईंना उचलून न्यावं लागेल. रस्त्याच्या अलीकडचं, माडांच्या बागेतलं जुनं घर बघा. सोपा, राजांगण (घराच्या मधलं अंगण), मागे विहीर. गुडघेवाल्यांसाठी न्हाणीघर घरातच आहे ना, आणि कमोड आहे ना, हे विचारून घ्या. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी बरेचदा मचूळ असतं, तेव्हा प्यायचं पाणी कुठून येतं तेही विचारा. इन्व्हर्टर आहे का? वीज जाते.

दुसरं कारण कासवं. आगोंद, गालजीबाग, मोरजी, मांद्रे या चार किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी हिवाळ्यापासून अंडी घालायला येतात. वनखातं घरट्यांभोवती कुंपण घालून राखण करतं. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात आणि उजेडाच्या दिशेने चालू लागतात. उजेड समुद्रावर असायला हवा, तो व्हरांड्यातल्या दिव्यांचा असला की पिल्लं उलटी चालतात. तेव्हा रात्री किनाऱ्यावर बॅटऱ्या नाचवायच्या नाहीत, खुर्च्या वाळूवर सोडून यायच्या नाहीत. आणि खजिनदारसाहेब, शेगडी नाही. किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला आणि दारू प्यायला कायद्याने बंदी आहे, दंड होतो. बांगडे परसात भाजा, वर खोबरेल सोडा, वासाने शेजारी आपण होऊन येतील.

मच्छीमारांचं गाव म्हणालात त्याबद्दल. आमच्याकडे पागी, खारवी, गाबीत हे लोक हा धंदा करतात, हिंदू आहेत तसे ख्रिस्तीही. पहाटे किनारा त्यांचा असतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागली असेल तर होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ करून परत येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर माणसं वाळूवरून ओढतात. याला माणसं पुष्कळ लागतात. हात लावलात तर कुणी नाही म्हणणार नाही. पण दोराच्या आतल्या बाजूला पोरं सोडू नका, आणि मासळी निवडत बसलेल्या बायकांच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका, आधी विचारा. ओढणाऱ्यांचे वाटे पडतात, ते झाल्यावरच विकत मागायचं.

ही रापण आज दिसते ती सहज टिकलेली नाही. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यापर्यंत येऊन मासळी खरवडून नेऊ लागले तेव्हा रापणकार रस्त्यावर उतरले होते. मातान्ही साल्ढाणांसारखे लोक त्या लढ्यात पुढे होते. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्याजवळचा पट्टा यांत्रिक ट्रॉलरना बंद झाला. पाळतात किती, हे तळपणच्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा. एक तास सहज जाईल.

आता ते फोटोवालं घर. मालकाला पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांक विचारा. पाहुण्यांना भाड्याने घर देणाऱ्याला १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. शिवाय तुमच्यातल्या बहुतेकांचे पासपोर्ट ब्रिटिश, म्हणजे तुम्ही उतरल्याची खबर मालकाने २४ तासांत सरकारला ऑनलाइन द्यायची असते. ज्याची नोंदणीच नाही तो हे करणार नाही, आणि भानगड तुमच्या गळ्यात. व्हिडिओ कॉलवर घर दाखव म्हणा, विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंत चालत. दाखवायला कां-कूं केलं की समजायचं, घर दुसऱ्याचंच आहे.

– काणकोणची काकू

*

काकू,

शेगडीचं दुःख आहे, पण मान्य. दोन शंका. एक, आठवड्यासाठी एवढं विमानभाडं परवडतं का? दोन, आईंना (वहिनींच्या सासूबाई, पण आम्ही सगळेच आई म्हणतो) त्या गावात खायला काय मिळणार? चारी बाजूंना मासळी, मधे त्या.

– खजिनदार

*

खजिनदारसाहेब,

पहिलीचं उत्तर हिशेबनीस तुम्ही, तुम्हीच द्या. आई-बाबांना मात्र आठवडाभर आधी येऊ दे, माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत. बाबांना श्रीस्थळचा मल्लिकार्जुन आणि पर्तगाळी मठ दाखवीन.

दुसरी शंका गोवा न पाहिलेल्या माणसाची. आमच्याकडे सोमवारी आणि श्रावणात कित्येक घरांत मासळी शिजत नाही, मग त्या दिवशी आम्ही उपाशी बसतो का? अळसांद्यांचं तोंडाक, मुगागाठी, खतखतं, तांबडी भाजी, निरफणसाच्या कापा, सोलकढी. काणकोणातल्या चावडीच्या बाजारात खोल गावची मिरची मिळते, २०१९ मध्ये तिला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. लालभडक, तिखट बेताचं. घरात वेगळी भांडी लागतील तर माझी न्या. सकाळ-संध्याकाळ पोदेर (पाववाला) सायकलवरून भोंपू वाजवत येतो. पोई त्याच्याकडून घ्यायची, सुपरमार्केटातला ब्रेड नव्हे.

पोरांना वाळूवर कधी न्यायचं याचा अंदाज कालनिर्णयातूनही येतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला (तिथी पंधरावी) सव्वाअकरा. पक्ष कुठलाही असो. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. हा नुसता ठोकताळा, वेळ बरीच इकडेतिकडे होते. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी फार वरखाली होत नाही. पुनवेला-अवसेला उधाण, आणि तेव्हाच्या ओहोटीला पाळोळ्याच्या उत्तर टोकाच्या बेटावर चालत जाता येतं. परत केव्हा फिरायचं ते मात्र नेमकी वेळ बघूनच ठरवा.

गाडी भाड्याने घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची कुणी स्वस्तात देऊ केली तर नको म्हणा, पोलीस अडवतात.

– काकू

*

काकू, व्हिडिओ कॉल मागितला. मालकाने ‘नेटवर्क नाही’ म्हणून फोन ठेवला आणि ती जाहिरातच आता दिसत नाही. फेब्रुवारी नक्की. आई-बाबा तुमच्याकडे उतरतील, बाबांनी आत्ताच गाड्या बघायला घेतल्यात. तळपणकडची दोन-तीन घरं तुमच्या डोळ्यांखालून घालाल का? विहीर आणि न्हाणीघर आधी. फोटो नसले तरी चालतील.

– चिटणीस वहिनी