टेकडीवर खड्डे घेण्याआधी : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव, ए-१०३ :
सर्व सभासदांना नमस्कार. पर्यावरण दिनानिमित्त ५ जून रोजी सकाळी सहा वाजता पुण्याच्या वेताळ टेकडीवर वृक्षारोपणाचा कार्यक्रम योजला आहे. एका रोपवाटिकेने दोनशे रोपे विनामूल्य देऊ केली असून त्यांत गुलमोहर, करंज, सप्तपर्णी, कांचन, वड आणि पिंपळ यांचा समावेश आहे. आदल्या दिवशी माथ्यावरच्या मोकळ्या जागेत खड्डे घेण्यासाठी चार मजूर सांगितले आहेत. प्रत्येक घरातून किमान एकाने यावे आणि नावे उद्या रात्रीपर्यंत कळवावीत, ही विनंती.

डी-२०२ :
आमच्या घरातून चौघे येऊ. मुलांना सुट्टी आहे, त्यांच्या हातून चार झाडे लागली तर त्यांनाही आनंद वाटेल.

बी-३०२ :
सचिवसाहेब, या कार्यक्रमामागची तुमची तळमळ मी जाणतो. गेल्या एप्रिलमध्ये दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन तुम्ही टेकडी चढत होता, ते मी स्वतः पाहिले आहे. म्हणूनच पुढचे लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहिणे भाग आहे. आपल्या परिसरातील वनस्पती मंडळाच्या वतीने माझी विनंती अशी, की माथ्यावरच्या गवताळ भागात या वर्षी एकही खड्डा घेऊ नये.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो माथा अगदी ओसाड दिसतो. वाळून पिवळे पडलेले कुसळीचे गवत, मधे मधे उघडा पडलेला मुरूम आणि पाने झडलेली चार-दोन झाडे एवढेच डोळ्यांना दिसत असल्याने तिथे काहीतरी लावले पाहिजे, असे कोणालाही वाटावे, यात नवल नाही. परंतु नेमक्या त्याच दिवसांत तिथल्या कितीतरी वनस्पती कंदरूपाने जमिनीखाली निजलेल्या असतात. वळवाच्या एक-दोन सरी झाल्या, की काळी मुसळी आणि कुली वर येते, मग दीपकाडी, भुईआमरी, नभाळी, आणि श्रावण लागता लागता कंदीलपुष्प. ज्या जागेला आपण मोकळी जागा म्हणतो, तिथे पायाखाली वीतभर मातीत हे सगळे असते. दोन फुटांचा खड्डा घेताना पहिल्याच घावाला काय तुटले, हे मजुरालाही कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही.

शिवाय टेकडीचा बराचसा भाग वनखात्याच्या ताब्यात आहे, त्यामुळे खात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथे खणता येणार नाही. परवानगी घेतली आहे का, हेही कृपया सांगावे.

सचिव, ए-१०३ :
परवानगीचा अर्ज अद्याप दिलेला नाही. या आठवड्यात देण्याचा विचार होता. बाकीच्या मुद्द्यांवर इतरांनीही आपली मते मांडावीत.

ए-४०१ :
मी या भागात १९७९ पासून राहतो. त्या वेळी ही टेकडी उघडीबोडकी होती. दिवसभर शेळ्या-गुरे चरत आणि पावसाळ्यात लाल-तांबडे पाणी ओढ्याने थेट खाली येई. पुढे वनखात्याने गिरीपुष्प लावले, चर खणले, चराईला आळा घातला, तेव्हा कुठे आज सकाळी मोरांची केका ऐकू येते. त्या काळी कोणी ‘खड्डे घेऊ नका’ म्हणाले असते, तर आज आपण कुठे फिरायला गेलो असतो? झाड लावणे हे पुण्याचे काम आहे, असे आमच्या पिढीला शिकवले गेले, आणि त्यात दोष काढलेला पाहून मनाला लागते.

बी-३०२ :
काका, तुम्ही सांगता ते खरे आहे आणि त्या कामाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. गुरे सहसा गिरीपुष्पाच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, ते फांदी खोचली तरी जगते आणि मुळांवाटे जमिनीत नत्र साठवते. उजाड डोंगरावर काहीतरी पटकन उगवावे म्हणून त्या वेळी त्याची निवड झाली, हे समजण्यासारखे आहे. परंतु ते मूळचे मध्य अमेरिकेतले झाड आहे, आणि त्याची दाट रांग जिथे आहे तिथे तळाशी गवत किती विरळ होते, हे कोणीही श्रावणात जाऊन पाहावे. आमच्या मंडळाच्या फेऱ्यांत हाच फरक आम्हांला वर्षानुवर्षे दिसतो आहे : गिरीपुष्पाखाली पाचोळा आणि घाणेरी, तर उघड्या माथ्यावर दहा पावलांत वीस तऱ्हेची फुले. चराई थांबल्याने जे गवत परत आले, ते या टेकडीचे मूळ धन आहे. त्याला वाचवण्यासाठी आता खड्ड्यांची गरज उरलेली नाही.

तुम्ही म्हणता त्या काळातही माथा पूर्ण बोडका नव्हता. सालई, मोई, धावडा, मेडशिंगी, गणेर, पांढरूक ही झाडे खाचाखोचांत टिकून होती. ही झाडे उन्हाळ्यात निष्पर्ण होतात, म्हणून लोक त्यांना वाळलेली समजून फांद्या तोडतात. मार्चमध्ये गणेराच्या काटकुळ्या, पर्णहीन फांदीवर तळहाताएवढे पिवळेधमक फूल उमलते. ते एकदा पाहिलेला माणूस त्या झाडाला पुन्हा वाळका म्हणणार नाही. पांढरूकाची चांदण्यात चमकणारी पांढरी साल पाहून त्याला ‘भुत्या’ नाव पडले आहे. ही झाडे कातळाच्या भेगेत, पाणी न घालता वाढतात; आपल्या यादीतल्या बहुतेक रोपांना त्या जागी ते जमणार नाही.

सी-२०४ :
भाऊ, कंदीलपुष्प म्हणजे नेमके कोणते? कासच्या पठाराच्या संदर्भात नाव ऐकले आहे, पण आपल्या टेकडीवर ते असेल, असे कधी वाटले नव्हते.

बी-३०२ :
ताई, मागच्या श्रावणात जुन्या खाणीच्या वरच्या अंगाला मी ते प्रथम स्वतः शोधून पाहिले, त्याआधी जाणत्यांनी दाखवले तरच दिसायचे. गवताच्या काडीला विळखा घालून वर आलेला दोऱ्याएवढा वेल होता आणि त्यावर करंगळीएवढे फूल. खाली फुगीर, मधे बारीक नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकांशी एकमेकींना जुळल्यामुळे झालेला छोटासा पिंजरा; कंदिलाचेच रूप. नळीच्या आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. वासाने ओढली गेलेली बारीकशी माशी आत उतरते, पण त्या केसांमुळे तिला वर येता येत नाही. पुढे केस सुकून मऊ पडले, की ती परागपुंज अंगावर घेऊन सुटते आणि बहुधा दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा अडकते. हे सगळे गुडघाभर गवतात, आपल्या पायवाटेपासून चार हातांवर चालू असते.

या प्रजातीचे शास्त्रीय नाव सेरोपेजिया. तिच्या कितीतरी जाती फक्त सह्याद्रीत आणि त्याच्या आसपासच आढळतात. जुनी गुराखी मंडळी तिला खरपुडी म्हणत आणि तिचा कंद उकरून खात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील प्रा. एस. आर. यादव यांनी या वनस्पतींच्या अभ्यासाला आयुष्यातली कित्येक वर्षे दिली, आणि विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्यांच्या अनेक जाती जोपासल्या गेल्या आहेत. तिकडे एकेक कंद जपला जात असताना इकडे आपण अजाणतेपणी तो फावड्याने तोडावा, याचे मला फार वाईट वाटते.

आणि हे मी अंदाजाने लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी जूनमध्येच एका गटाने आमच्या नोंदीतल्या जागेवर ओळीने खड्डे घेतले. आम्ही पोचलो तेव्हा मातीच्या ढिगात कंदांचे काप पडले होते, लिंबाएवढे, आतून पांढरे आणि ओलसर. ते लोक अत्यंत प्रामाणिक होते, त्यांनी घरचे पैसे घातले होते. लावलेल्या रोपांपैकी बहुतेक पुढच्या मेपर्यंत जळाली आणि त्या पट्ट्यात कंदीलपुष्प आम्हांला अजून परत दिसलेले नाही.

डी-५०३ :
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. शहराचे तापमान वाढते आहे, सावली हवी आहे, हवेतला कर्बवायू शोषला गेला पाहिजे. या सगळ्यापुढे काही फुलझाडांसाठी दोनशे झाडे नाकारणे मला पटत नाही. गवताने सावली मिळत नाही.

ए-३०४ :
मी तीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले, म्हणून या प्रश्नाला उत्तर देण्याचे धाडस करते. सावलीची गरज जिथे माणसे राहतात तिथे आहे : आपल्या रस्त्यावर, शाळेच्या पटांगणात, बसथांब्यावर, आपल्या वाहनतळात. माथ्यावर मातीचा थर पातळ आहे आणि खाली काळा बेसॉल्ट खडक. तिथली माती धरून ठेवण्याचे काम कुसळी, पवना आणि मारवेल यांची दाट तंतुमुळे करतात. ती जाळी फाडून खड्डा घेतला, की पहिल्या मुसळधार पावसात त्याच्या कडा ढासळतात आणि सुटलेला मुरूम उताराने वाहू लागतो. कर्बाचे म्हणाल, तर गवताळ प्रदेशात त्याचा मोठा वाटा मुळांत आणि मातीत साठतो, तो आपल्याला डोळ्यांना दिसत नाही एवढेच. वणव्यात वरचे गवत जळाले तरी तो साठा बराचसा राहतो.

आणखी एक सांगते, कारण ते आपल्या गावाच्या अभिमानाचे आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींची जी सूची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली, ती आजही आमच्या टेबलावर असते. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. आघारकर संशोधन संस्थेत जतन केलेले वनस्पतींचे नमुने पाहायला मी विद्यार्थ्यांना नेत असे. कागदावर चिकटवलेल्या त्या वाळक्या फांदीखाली गोळा करणाऱ्याचे नाव, तारीख आणि ठिकाण लिहिलेले असते, आणि त्यातली काही ठिकाणे वाचून मुले गप्प होत, कारण तिथे आता इमारती उभ्या आहेत. एवढी जुनी नोंद पाठीशी असलेल्या शहरात आपल्या दारातल्या टेकडीवर काय उगवते, हे न पाहता आपण खणायला जाऊ नये.

डी-५०३ :
मॅडम, मातीत साठणाऱ्या कर्बाचा मुद्दा मला माहीत नव्हता. माथ्याबाबतचा आग्रह मी मागे घेतो. परंतु मग दोनशे रोपांचे काय करायचे, हा प्रश्न राहतोच.

सचिव, ए-१०३ :
तोच माझाही प्रश्न आहे. रोपवाटिकेला शब्द दिला आहे आणि मुलांनी नावेही नोंदवली आहेत.

बी-३०२ :
करंज आणि कांचन आपल्या मागच्या रस्त्याकडेला, महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारून, उत्तम लागतील. वड-पिंपळ इमारतीच्या कुंपणाशी लावणे मला धोक्याचे वाटते. ज्यांच्याकडे गावी शेताचा बांध आहे त्यांनी ते न्यावेत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, वादळवाऱ्यात त्याच्या फांद्या लवकर मोडतात, म्हणून तो शक्यतो परत करून त्याऐवजी ताम्हण आणि बहावा मागावा. ताम्हण तर आपले राज्यफूल आहे आणि आपल्या अख्ख्या आवारात त्याचे एकही झाड नाही.

दुसरे काम आपल्या फाटकातच आहे. वाहनतळातल्या सहा झाडांच्या बुंध्यांना सिमेंटचे ठोकळे अगदी भिडले आहेत. कोपऱ्यातल्या बकुळीचा बुंधा तर ठोकळ्याच्या कडेवरून फुगून बाहेर आला आहे. प्रत्येकाभोवती हातभर माती मोकळी करायला तेच चार मजूर एका दिवसात पुरतील.

सी-२०४ :
बकुळीचे काम आधी करा हो. तिची फुले वेचायला मी रोज उतरते आणि यंदा फुले फार कमी पडली.

ए-४०१ :
मला पूर्ण पटले आहे, असे मी म्हणणार नाही. डोंगर हिरवा करण्यासाठी आम्ही पाण्याच्या कळशा वाहिल्या आहेत. पण दोन वर्षांपूर्वीचे ते कंद तोडले गेल्याचे वाचून काल रात्री बराच वेळ विचार करत होतो. मला ते फूल प्रत्यक्ष पाहायचे आहे. माझे गुडघे खाणीपर्यंत साथ देतील का?

बी-३०२ :
काका, टेकडीच्या पायथ्याच्या पंचवटी वसाहतीच्या बाजूने सावकाश चढलो, तर नक्की देतील. मी आणि ए-३०४ च्या मॅडम तुमच्याबरोबर असू. मंडळाची फेरी श्रावणात दर रविवारी सकाळी साडेसहाला निघते. कोणी फूल तोडत नाही, जागेची खूण समाजमाध्यमांवर टाकत नाही, आणि पायवाट सोडून गवतात शिरायचे झाले तर एकामागे एक चालायचे, एवढेच आमचे नियम आहेत. वहीत नाव, तारीख आणि जवळची खूण लिहितो. मुलांनी हे काम केले तर फार बरे होईल, कारण त्यांची नजर आमच्यापेक्षा तीक्ष्ण असते. हिवाळ्यात वनखाते जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढते, तेव्हा वाळके गवत बाजूला करायला माणसे कमी पडतात, तिथेही आपल्या सोसायटीचा हातभार लागावा.

सचिव, ए-१०३ :
ठीक आहे. माथ्यावरचा कार्यक्रम रद्द करत आहे आणि मजुरांना ४ जूनला वाहनतळात बोलावतो. रोपवाटिकेशी उद्या बोलून गुलमोहराऐवजी ताम्हण आणि बहावा मिळतो का, ते कळवतो. उद्यान विभागाचा अर्ज डी-५०३ यांनी लिहून द्यावा. ५ जूनला सकाळी सहा वाजता सर्वांनी टेकडीऐवजी बकुळीखाली जमावे.

डी-२०२ :
आमचे चौघे नक्की. धाकटी विचारते आहे, की वही कोणत्या आकाराची आणायची.

बी-३०२ :
खिशात मावेल अशी, आणि पेन नको, पेन्सिल आणावी. पावसात शाई पसरते.